टाच उतरताना

संध्याकाळी सहाच्या पुढे चर्चगेट स्थानकात लोटणाऱ्या गर्दीत कोणी क्षणभर कडेला उभे राहून केवळ पायांकडे पाहिले, तर नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या दिवसाची पुष्कळशी हकीकत त्यांच्या वहाणांवरून कळते. हॉटेलच्या स्वागतकक्षात, विमान कंपनीच्या काउंटरवर, दागिन्यांच्या किंवा प्रसाधनांच्या चकचकीत दालनात सकाळपासून उभ्या राहिलेल्या कित्येक जणी कचेरीच्या दाराशीच, नाहीतर फलाटावरच्या खांबाला टेकून, उंच टाचांचे बूट पिशवीत घालतात आणि तळाला बोटभरही जाडी नसलेली सपाट चप्पल पायांत सरकवतात. जिने चढायचे-उतरायचे, डब्यातली कडी धरून तासभर तोल सांभाळायचा, तर उंच टाच उपयोगाची नाही, हे शहाणपण प्रत्येकीला अनुभवाने आलेले असते. पाहणाऱ्याला वाटावे, आता या पायांची सुटका झाली. परंतु याच स्त्रियांशी गाडीत चार गोष्टी बोलल्या, तर त्यांच्यापैकी अनेकींच्या तोंडून एक चमत्कारिक तक्रार ऐकू येते: उंच टाच पायांत असते तोवर टाच आणि पोटरी मुकाट असतात; ती उतरवली की दुखणे सुरू होते.

या तक्रारीला आपल्याकडे दाद मिळणे कठीण, कारण तिचा निवाडा ती मांडण्यापूर्वीच झालेला असतो. ‘एवढी हौस हवी कशाला? साधी चप्पल घाल, म्हणजे झाले,’ असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. आणि साधी चप्पल घातल्यावरच दुखते, असे तिने म्हटले तर तो बहाणा वाटतो. मग ती आपल्यापुरता असा निष्कर्ष काढते की सपाट वहाण आपल्या पायाला मानवत नाही, आणि ज्या पादत्राणाने पाय बदलला त्याच पादत्राणाचा आधार पुन्हा घेते. हे चक्र वर्षानुवर्षे चालते. त्या स्त्रीची तक्रार अक्षरशः खरी आहे, तिला शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे, आणि तिचे मूळ एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर घेतलेल्या अकस्मात उडीत आहे, हे येथे सविस्तर मांडावयाचे आहे. कारण मूळ कळल्याशिवाय इलाज सापडत नाही, आणि मूळ कळले की दोष कोणाच्या पदरात घालायचा, याचाही फेरविचार करावा लागतो.

अंधेरीच्या एका मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षावर काम केलेल्या एका बाईंची कैफियत या दृष्टीने बोलकी आहे. गणवेशाच्या नियमाप्रमाणे काळे, बंद, तीन इंची टाचेचे बूट. पाळी आठ-नऊ तासांची. पाहुणा समोर असो वा नसो, बसण्याची मुभा नाही. आरंभी चवडे जळत, बोटे आखडत; पुढे त्याची सवय झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, हॉटेल बंद झाले आणि त्या डोंबिवलीच्या आपल्या घरात, गुळगुळीत फरशीवर, दिवसभर अनवाणी वावरू लागल्या. पायांना विसावा मिळाला म्हणून त्यांना प्रथम बरेच वाटले. पण थोड्याच आठवड्यांत सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकवताच टाचेत खिळा रुतावा तशी सणक जाऊ लागली, पोटरी धरू लागली, आणि टाचेमागची जाड शीर चिमटीत धरली तर हुळहुळू लागली. भिंतीचा आधार घेत न्हाणीघरापर्यंत जावे, दहा-बारा पावलांनंतर दुखणे ओसरावे, आणि दुपारी पुन्हा डोके वर काढावे, असा क्रम सुरू झाला. ‘कामावर होते तेव्हा टाच कधी दुखली नाही, घरी बसले आणि दुखायला लागली,’ असे त्या सांगत होत्या. ‘शेवटी कपाटातले कामाचे बूट काढले. ते घालून ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटल्या, तेव्हा कुठे बरं वाटलं. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. त्यांना काय सांगणार?’

सांगण्यासारखे पुष्कळ होते, फक्त ते त्यांना कोणी समजावून दिलेले नव्हते.

पोटरीचे दोन मोठे स्नायू, वरचा दुहेरी आणि त्याखालचा रुंद, खाली उतरताना एकत्र येऊन एका जाड कंडरेत विलीन होतात आणि ती कंडरा टाचेच्या हाडाला मागून घट्ट चिकटते. मानवी देहातील ही सर्वांत जाड आणि सर्वांत बळकट कंडरा. फ्लेमिश शारीरविद् फिलिप फेर्हेयन याने १६९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिला ग्रीक वीर अ‍ॅकिलीस याच्याशी जोडले, आणि तेच नाव वैद्यकात रूढ झाले. चालताना दर पावलाला ही कंडरा ताणली जाते, ताणातून साठवलेली शक्ती पाऊल उचलताना परत देते, आणि धावताना तर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार सोसते. तिचे सामर्थ्य मोठे. पण टाचेच्या वर काही सेंटिमीटरांच्या पट्ट्यात तिचा रक्तपुरवठा तुटपुंजा आहे, आणि बहुतेक दुखणी तेथेच, नाहीतर ती हाडाला चिकटते त्या जागी, उद्भवतात.

आता थोडा हिशेब करून पाहावा. मध्यम मापाच्या पावलात टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर सुमारे १६ सेंटिमीटर धरले आणि बुटाची टाच ८ सेंटिमीटर उंच असली, तर पाऊल जमिनीशी सुमारे ३० अंशांचा कोन करते. घोट्याच्या सांध्यापासून कंडरेपर्यंतचे अंतर सुमारे ५ सेंटिमीटर. तेव्हा सांधा ३० अंशांनी वळला म्हणजे पोटरी आणि कंडरा मिळून जी एक लांब दोरी होते, तिला सुमारे अडीच सेंटिमीटर कमी अंतर गाठावे लागते. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. उंच टाच घालून उभी असलेली स्त्री पोटरी आखडून उभी असते. आणि फलाटावर ती टाच उतरवते त्या क्षणी याच पोटरीने आणि कंडरेने अडीच सेंटिमीटर लांब व्हावे, अशी मागणी ती नकळत करते.

एखाद्या दिवशी ही मागणी निमूट पुरी होते. दोन-चार वर्षे रोज आखडून राहिलेला स्नायू मात्र त्या आखडलेपणालाच आपली स्वाभाविक लांबी मानू लागतो. व्हिएन्नाचे संशोधक रॉबर्ट चापो आणि मँचेस्टरचे मार्को नारिची यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. निदान दोन वर्षे, आठवड्यातून पाच दिवस, ५ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच टाच वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटऱ्या त्यांनी अल्ट्रासाउंडने तपासल्या आणि सपाट पादत्राणे वापरणाऱ्यांशी ताडून पाहिल्या. उंच टाच वापरणाऱ्यांच्या पोटरीतील स्नायूतंतू सुमारे १३ टक्क्यांनी आखूड झालेले आढळले. कंडरेची लांबी बदललेली नव्हती. ती अधिक जाड आणि अधिक ताठर झाली होती. आखूड झालेल्या स्नायूच्या जोडीने चालण्याचे काम चोख व्हावे म्हणून देहाने केलेली ही तजवीज होती, आणि उंच टाच पायांत असेपर्यंत ती अचूक बसते. टाच उतरताच आखूड स्नायू आणि ताठर कंडरा या दोघांनाही एकदम ताण सोसावा लागतो, आणि ताठर झालेली कंडरा सहज सैल होत नाही.

दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातील नील क्रोनिन आणि त्यांचे सहकारी यांनी आठवड्याला ४० तास उंच टाचेवर वावरणाऱ्या तरुणींच्या चालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात टाचेवर चालताना स्नायूतंतूंवर पडणारा ताण वाढलेला दिसला. सपाट चालीत कंडरेने ताणले जायचे आणि स्नायूने स्थिर राहायचे, ही निसर्गाची वाटणी बिघडते आणि कंडरेचे काम स्नायूच्या अंगावर पडते. दिवसाच्या शेवटी पोटरी भरून येण्याचा आणि रात्री गोळा येण्याचा खुलासा बहुधा यात दडलेला आहे.

स्नायू आणि कंडरा यांच्या स्वभावात मोठा फरक आहे, आणि सगळा प्रश्न त्या फरकावर येऊन ठेपतो. स्नायू चपळ असतो. १९७२ मध्ये फ्रेंच आणि इंग्रज संशोधकांनी मांजरांचा पोटरीचा स्नायू आखूड स्थितीत प्लास्टरमध्ये बांधून ठेवला, तेव्हा चार आठवड्यांत त्या स्नायूने आपल्या तंतूंतील सूक्ष्म घटकांपैकी सुमारे ४० टक्के घटक गमावले. आणि प्लास्टर काढल्यावर तितक्याच अवधीत ते परत मिळवले. कंडरा अशी नाही. १९५० नंतरच्या दशकात आणि १९६० च्या आरंभी वातावरणात झालेल्या अणुस्फोटांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला आणि त्या काळात घडणाऱ्या प्रत्येक जिवंत पेशीजालात तो शिरला. या खुणेचा उपयोग करून डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की अ‍ॅकिलीस कंडरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमाराला घडून पुरा होतो आणि पुढे जवळजवळ आयुष्यभर तसाच राहतो. वरवरचा थर व्यायामाने, भाराने काही प्रमाणात बदलतो. गाभा फारसा बदलत नाही. म्हणून स्नायूला आठवडे लागतात, कंडरेला महिने लागतात, आणि आपण मात्र दोघांनाही फलाटावरच्या एका मिनिटाची मुदत देतो.

कंडरेखेरीज पायाची इतर अंगेही या उडीत भरडली जातात. तळव्याखालून टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत एक जाड पट्टा गेलेला आहे. बोटे वर वळली की तो पट्टा घट्ट होऊन पायाची कमान उचलतो. ही रचना जे. एच. हिक्स या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये उलगडून दाखवली. उंच टाचेत बोटे दिवसभर वर वळलेली असतात, कमान उचललेली असते. सपाट, पातळ चप्पल घातली की कमानीवर एकदम भार येतो, ती खाली बसू पाहते आणि टाचेच्या हाडाशी हा पट्टा ओढला जातो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेले राहते, पोटरी आणि पट्टा दोन्ही आखडतात. म्हणून सकाळचे पहिले पाऊल सर्वांत कठीण. त्यातच वयाबरोबर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, आणि फरशीचा आघात थेट हाडाला बसू लागतो.

उंच टाचेचे स्वतःचे अपराध वेगळे, आणि तेही पदरात घातलेच पाहिजेत. देहाचा भार चवड्यावर येतो. निमुळत्या पुढच्या भागात बोटे दाबली जातात. अंगठा आत वळून त्याच्या मुळाशी हाड बाहेर येते. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधल्या मज्जातंतूवर दाब येऊन जळजळ होते, आणि या विकाराचे वर्णन फिलाडेल्फियाचे शल्यविशारद टॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्येच करून ठेवले आहे. बुटाची ताठ मागची कड जेथे घासते तेथे टाचेच्या हाडावर उंचवटा येतो. गुडघाही सुटत नाही: हार्वर्डच्या केसी केरिगन यांनी १९९८ मध्ये दाखवले की उंच टाचेवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावरचा भार वाढतो, आणि २००१ मध्ये त्यांनीच दाखवले की टाच रुंद असली म्हणून गुडघ्याची सुटका होत नाही. तेव्हा उंच टाचेची वकिली येथे कोणी करीत नाही. तिचा त्याग करावा हे खरे. पण तो कसा करावा, हा प्रश्न त्याग करण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

उंच टाच जन्मली ती मुळी चालण्यासाठी नव्हेच. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून टाचेचे बूट घालीत. शाह अब्बास याने १५९९ मध्ये युरोपातील दरबारांकडे वकिलात पाठवली, त्या काळापासून पाश्चात्त्य सरदारांनी ही टाच उचलली, आणि स्वारीसाठी असलेली वस्तू प्रतिष्ठेची खूण होऊन बसली. फ्रान्सचा चौदावा लुई आपल्या लाल टाचांसह १७०१ मध्ये रिगो या चित्रकाराच्या भव्य चित्रात उभा आहे. पुरुषांनी पुढे टाच सोडली. ती स्त्रियांकडे राहिली. १९५० नंतरच्या दशकात रोजे व्हिव्हिए यांच्यासारख्या कारागिरांनी पोलादी सळईच्या आधारावर सुईसारखी बारीक टाच उभी केली आणि उंचीला जवळजवळ मर्यादा उरली नाही. डच शारीरविद् पेत्रुस काम्पर याने १७८१ मध्ये उत्तम पादत्राणाचा आकार कसा असावा यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता, आणि झुरिकचे हेर्मान फॉन मायर यांनी १८५८ मध्ये पुन्हा तोच विषय हाती घेतला. म्हणजे पायाच्या बाजूने साक्ष देणारे विद्वान अडीचशे वर्षांपूर्वीही होते. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची फुरसत बाजाराला नव्हती.

आपल्या देशात या प्रश्नाला एक निराळे परिमाण आहे. अनेक पाश्चात्त्य स्त्रिया घरातही बूट किंवा टाचेच्या सपाता वापरतात. आपल्याकडे उंबरठ्याशी वहाण काढून ठेवण्याचा शिरस्ता आहे. म्हणून आपल्या नोकरदार स्त्रीला उंची रोज तीनदा बदलावी लागते: कामावर आठ सेंटिमीटर, वाटेत एक, आणि घरात शून्य. ही शून्य उंची आपल्या आजीला जड गेली नाही, कारण तिची पोटरी कधी आखडलेलीच नव्हती. ती उकिडवी बसून भांडी घाशी, चुलीपुढे बसे, अंगण सारवी. दिवसातून कितीतरी वेळा पाऊल पूर्ण टेकवून घोटा वाकवी. या सवयीची नोंद हाडांवरसुद्धा होते. लाहोरला शारीरशास्त्राचे प्राध्यापक असलेले हॅवेलॉक चार्ल्स यांनी १८९३ च्या सुमारास पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांचा अभ्यास केला, तेव्हा उकिडवे बसण्याशी संबंधित असे खास सपाट पृष्ठभाग त्यांना घोट्याच्या हाडांवर आढळले. पुढे १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी कृत्रिम पाय घडवला, तो याच जाणिवेतून. परदेशी कृत्रिम पाय बुटात बसण्यासाठी केलेला होता. त्याने उकिडवे बसता येत नसे, शेतात अनवाणी चालता येत नसे. भारतीय माणसाचा घोटा अधिक वाकतो आणि वाकलाच पाहिजे, हे त्यांनी ओळखले. आज शहरातील मध्यमवर्गीय घरांत ओटा उंच झाला, जेवण टेबलावर आले, शौचकूप खुर्चीसारखे झाले. घोटा पूर्ण वाकण्याचे प्रसंग एकेक करून नाहीसे झाले, आणि नेमक्या याच पिढीच्या पायांत उंच टाच आली. तेव्हा आजीच्या अनवाणी पायांचा दाखला नातीला देताना आजीची बैठकही हिशेबात धरली पाहिजे.

सुश्रुतसंहितेत शरीरात सोळा कंडरा सांगितल्या आहेत आणि त्यांतील चार पायांत आहेत. त्याच संहितेच्या निदानस्थानात घोट्याच्या आश्रयाने होणाऱ्या वातकंटक नावाच्या वेदनेचे कारण दिले आहे, ते पाऊल विषम पडणे हे. वेदनेचे कारण पाऊल पडण्याच्या रीतीत शोधावे, ही दृष्टी तेव्हापासूनची आहे.

मग इलाज कोणता? त्याचे सार एका शब्दात सांगता येते: क्रम. आठ सेंटिमीटरांवरून पाचावर यावे, काही आठवडे तेथे राहावे. पाचांवरून तिनांवर, आणि मग जवळजवळ सपाट पण तळाला मऊ, टाचेला किंचित उचल असलेल्या पादत्राणावर. घरातही आरंभी अनवाणी न राहता मऊ तळाची चप्पल घालावी. कामाला उंच टाच टळतच नसेल, तर वाटेसाठी पातळ रबरी चपलेऐवजी दोन-तीन सेंटिमीटर उचल असलेली वहाण ठेवावी, म्हणजे उडीचे दोन टप्पे होतात. उंच टाचेचे जुने बूट कापून घेऊन हा क्रम साधता येईल का, असे दादर स्थानकाबाहेरच्या एका गटई कामगाराला विचारले, तेव्हा त्याने उत्तर देण्याऐवजी दुरुस्तीला आलेला एक बूट सपाट फळीवर ठेवला आणि त्याच्या टाचेखाली आपली रापी आडवी घालून हळूहळू काढून घेतली. ‘सेंटिमीटरभर उतरवून देतो, ताई. त्याच्यापुढे उतरवली तर हे बघा, पंजा वर उचलतो. आतली पट्टी टाचेच्या मापाने वाकवलेली असते. चालताना मागे कलंडाल.’ कोणत्याही पुस्तकात याहून स्पष्ट सांगितलेले सापडणार नाही. एकेक टप्प्याला वेगळे पादत्राण घ्यावे, हाच त्याचा सल्ला होता.

क्रमाच्या जोडीला व्यायाम हवा, आणि येथे स्वीडनमधील हॉकन अल्फ्रेडसन या वैद्याचे ऋण मानले पाहिजे. १९९८ मध्ये त्यांनी कंडरेच्या जुनाट दुखण्याने गांजलेल्या पंधरा हौशी धावपटूंचा अनुभव प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, चांगल्या पायाच्या जोरावर वर उठायचे, आणि दुखऱ्या पायावर सारा भार घेऊन टाच पायरीच्या पातळीखाली अगदी सावकाश उतरवायची. एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा किंचित वाकवून. प्रत्येकाच्या पंधरा-पंधराच्या तीन आवर्तनांत, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. पंधराच्या पंधरा जण पुन्हा पूर्ववत धावू लागले. टाच सावकाश उतरवणे हाच या उपचाराचा गाभा आहे, आणि पादत्राणाच्या बाबतीत जे सांगितले तेच तत्त्व येथे व्यायामाच्या रूपाने येते: कंडरेला भार हवा, पण तो तिला पेलेल अशा गतीने हवा.

मात्र एक भेद ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. दुखणे कंडरेच्या मध्यभागी, टाचेच्या दोन-चार बोटे वर असेल, तर वरील व्यायाम लागू पडतो. दुखणे कंडरा हाडाला चिकटते तेथेच असेल, तर टाच पायरीखाली उतरवल्याने ती हाडावर दाबली जाते आणि त्रास वाढतो. अशा रुग्णांनी टाच जमिनीच्या पातळीपर्यंतच उतरवावी, असा सुधारलेला क्रम त्याच स्वीडिश मंडळींनी २००८ मध्ये मांडला, आणि तो बऱ्याच जणांना मानवला. अशा पायाला आरंभी टाचेखाली थोडी उचल देणेच हिताचे. म्हणून शेजारणीने सांगितलेला व्यायाम आपल्याला लागू आहे की नाही, याची खातरजमा अस्थिरोगतज्ज्ञाकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावी. पोटरीच्या मागे फटका बसल्यासारखे होऊन पाय लुळा पडला, पालथे निजून पोटरी दाबली असता पाऊल हलेनासे झाले, तर कंडरा तुटल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. दुखऱ्या कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा आग्रह धरू नये. त्याने कंडरा तुटण्याची भीती असते. आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीच्या प्रतिजैविकांनीही कंडरा दुबळी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या औषधांच्या वेष्टनावर तसा सर्वांत कडक इशारा छापणे सक्तीचे केले आहे.

येथवर जे सांगितले ते स्त्रीने स्वतःसाठी करावयाचे. पण ज्या बाईंची कैफियत वर दिली, त्यांनी उंच टाच हौसेने घातली नव्हती. ती गणवेशाच्या कलमात लिहिलेली होती. हौसेने घालणारी स्त्री हौस फिटली की ती काढते; नियमाने घालणारीला पाळी संपेपर्यंत ती काढता येत नाही, आणि नोकरी बदलली, बाळंतपणाची रजा लागली किंवा टाळेबंदी आली की तिला क्रमाक्रमाने उतरण्याची सवड न देता ती एका दिवसात शून्यावर आणून सोडली जाते. काम करताना सतत उभे राहावे लागणाऱ्यांच्या व्यथांची दखल इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात घेतली होती, आणि मधूनमधून ते उभे राहणे मोडावे असा सल्ला दिला होता. तीन शतकांनंतर लंडनमध्ये निकोला थॉर्प या तरुणीला सपाट बूट घालून स्वागतिकेच्या कामावर रुजू झाल्याबद्दल बिनपगारी घरी पाठवण्यात आले. २०१६ मध्ये तिने पार्लमेंटकडे केलेल्या अर्जावर दीड लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. कायदा पुरेसा आहे, तो नीट समजावून द्यावा, असे तेथील सरकारने ठरवले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मात्र २०१७ मध्ये अशी सक्ती बेकायदा ठरवली. त्याच वर्षी फिलिपीन्सच्या कामगार खात्याने उभ्याने काम करणाऱ्या स्त्रियांवर उंच टाच लादण्यास मनाई करणारा हुकूम काढला. जपानमध्ये युमी इशिकावा यांनी २०१९ मध्ये चळवळ उभारली, आणि पुढल्याच वर्षी तेथील एका मोठ्या विमान कंपनीने आपल्या कर्मचारी स्त्रियांवरील टाचेची सक्ती उठवली. आपल्याकडे केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. दिवसभर उभे राहणाऱ्या पायांची दखल आपल्या विधिमंडळांना घेता येते, याचा हा दाखला आहे. टाचेचे कलम त्याच्या पुढचे पाऊल होईल.

महाराष्ट्रात ते पाऊल उचलण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. मनुष्यबळ विभागात बसून गणवेशाचे कोष्टक तयार करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘टाच तीन इंच’ या शब्दांच्या जागी ‘स्वच्छ, बंद, काळे पादत्राण, टाचेची उंची ऐच्छिक’ एवढे लिहिण्यास एक दुपार पुरे आहे. काउंटरमागे एक उंच स्टूल ठेवण्यास त्याहून कमी वेळ लागतो. आणि घरात, सकाळी पहिले पाऊल टेकवताना जी बाई भिंत धरते, तिला हौसेचा टोमणा मारण्याऐवजी तिच्यासाठी मऊ तळाची चप्पल पलंगापाशी ठेवावी, तिला पायरीवरच्या व्यायामासाठी पंधरा मिनिटे मोकळी द्यावी, आणि बारा आठवडे धीर धरावा. कंडरा सावकाश बदलते, पण योग्य भार आणि पुरेशी मुदत मिळाली तर बहुतेकींच्या बाबतीत ती बदलते. त्या बाईंचीही पुढे बदलली, आणि आज त्या दोन सेंटिमीटर टाचेच्या बुटांत, दुसऱ्या एका कचेरीत, बसून काम करतात. शरीराने वर्षानुवर्षे आपल्या लहरींशी आणि आपल्या नियमांशी जुळवून घेतले आहे. परतीच्या वाटेवर त्याला महिन्यांची मुदत देणे हे आपले देणे आहे, आणि ते फेडण्याची जबाबदारी ज्याने नियम केला त्याच्यावर सर्वांत आधी येते.